भंडाऱ्याने मुळांवरच्या गाठी मोजाव्यात

दिवाळीच्या आगेमागे भंडारा जिल्ह्यात हलके धान कापणीला येते. कापणीच्या दहा-पंधरा दिवस आधी, बांधीतले पाणी उतरून चिखल ओला असतानाच उभ्या धानात लाखोरी फेकायची, ही इथली जुनी रीत. तिला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, खत नाही, वेगळे ओलीत नाही. धान निघाले की खाली लाखोरी हिरवी उभी असते. तिच्या मुळांवर बारीक गाठी असतात आणि त्या गाठींत हवेतला नत्र धरणारे जिवाणू राहतात, हे शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनीच वाचले आहे. पण धानाच्या एकरी पोत्यांची चर्चा गावोगाव होते, तशी या गाठींची होत नाही. ती व्हावी, म्हणून पुढचे मुद्दे जिल्हा परिषद, कृषी विभाग, साकोलीचे कृषी संशोधन केंद्र आणि सातही तालुक्यांतल्या ग्रामसभांपुढे ठेवतो आहे.

1. गाठीत काय चालते, ते आधी नीट पाहू. हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की कोणतेही पीक तो थेट घेऊ शकत नाही. कडधान्यांना तो मुळांवरच्या गाठींमुळे मिळतो, हे हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी जर्मनीत 1886 ते 1888 या काळात दाखवून दिले. 1888 मध्येच हॉलंडच्या बायरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढला. आपल्या देशात या जिवाणूंवरचा सुरुवातीचा अभ्यास एन. व्ही. जोशी यांचा, 1920 सालचा.

मुळातून काही रसायने पाझरतात, मातीतला रायझोबियम ती ओळखतो, स्वतःचे रसायन सोडून उत्तर देतो, मग मूळरोम वाकतो आणि जिवाणू आत शिरतो. आतले नायट्रोजनेज हे विकर नत्राचा रेणू फोडते. हे काम फार खर्चाचे आहे. एका रेणूमागे एटीपीचे किमान 16 रेणू लागतात आणि त्याची भरपाई झाड पानांत तयार केलेल्या साखरेतून करते. शिवाय ऑक्सिजन लागला की हे विकर निकामी होते. म्हणून झाड गाठीत लेगहिमोग्लोबिन तयार करते. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच कुळातले हे द्रव्य ऑक्सिजनला धरून ठेवते आणि जिवाणूला बेताबेताने पुरवते. त्यामुळेच काम करणारी गाठ ब्लेडने कापली तर आतून गुलाबी-लाल दिसते. पांढरी गाठ कच्ची किंवा कुचकामी, हिरवट-तपकिरी गाठ संपलेली. शेतकऱ्याला बांधीत उभे राहून, एक पैसा न देता करता येणारी इतकी चांगली तपासणी दुसरी नाही.

2. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना 19 फेब्रुवारी 2015 रोजी सुरू झाली. पत्रिकेत 12 बाबी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. योजना चांगली आहे. पण नायट्रोजनेजला लोहाबरोबर मॉलिब्डेनम लागते, ते या यादीत नाही. जमिनीत कोणत्या पिकाचे रायझोबियम जिवंत आहेत, याचाही रकाना नाही. आम्लधर्मी जमिनीत मॉलिब्डेनम मुळांना कमी मिळते आणि स्फुरद कमी पडले तर गाठीच कमी धरतात. त्यातून धानाची बांधी तीन-चार महिने पाण्याखाली असते. अशा जमिनीत या जिवाणूंची संख्या घटू शकते. म्हणजे जी माहिती आपल्याला सर्वांत जास्त हवी, तीच पत्रिकेत मिळत नाही. कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बरडी असा जमिनीचा भेद आपल्या आजोबांनी केला होता. प्रत्येक प्रकारच्या जमिनीत लाखोरीच्या आणि हरभऱ्याच्या रोपाला किती गाठी धरतात, एवढी नोंद जिल्ह्याने तीन हंगाम केली तरी मोठे काम होईल.

ही नोंद करायला मोठा निधी लागत नाही. डिसेंबरच्या मध्याला, फुलोऱ्याच्या तोंडावर, कुदळीने मातीच्या ढेकळासकट रोप उचलायचे. उपटायचे नाही, कारण उपटले की गाठी मातीतच राहतात. ढेकूळ बादलीत भिजवायचे, मुळे धुवायची, गाठी मोजायच्या, काही कापून रंग पाहायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेतली सातवी-आठवीची मुले हे सहज करतील आणि कृषी सहायकाने आकडे वहीत घ्यावेत.

3. जिवाणू संवर्धनाचे पाकीट हे औषध नाही, तो जिवंत जीव आहे. खत नियंत्रण आदेशात 2006 मध्ये जैविक खतांचा समावेश झाला. भुकटीच्या रायझोबियममध्ये दर ग्रॅमला किमान 5 कोटी जिवंत पेशी असल्या पाहिजेत आणि पाकिटावर ज्या पिकांची नावे छापली आहेत, त्या पिकांच्या मुळांवर खरोखर गाठी आल्या पाहिजेत, असे ते मानक सांगते. हा शेतकऱ्याचा कायद्याने दिलेला हक्क आहे. उन्हात तापलेल्या गोदामात पडून राहिलेल्या पाकिटात त्या पेशी उरत नाहीत.

पीक आणि जिवाणू यांची जोडीही ठरलेली आहे. लाखोरी, वाटाणा आणि मसूर यांचा जिवाणू एक. हरभऱ्याचा वेगळा. तूर, मूग, उडीद यांचा आणखी वेगळा. ‘कडधान्याचे पाकीट’ म्हणून कुठलेही पाकीट हाती देणे ही फसवणूक ठरते, मग देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसले तरी. नागपूरला सेंद्रिय व नैसर्गिक शेतीचे केंद्र सरकारचे प्रादेशिक केंद्र आहे. साकोली आणि भंडाऱ्यापासून ते राष्ट्रीय महामार्गावर काही तासांवर. मागणी अशी आहे: उतेऱ्यासाठी लाखोरीचे ताजे संवर्धन ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तालुक्याला पोहोचावे, थंड जागी ठेवावे आणि प्रत्येक खेपेतले काही नमुने तपासून निकाल पंचायत समितीच्या फलकावर लावावा. नोव्हेंबरमध्ये आलेले पाकीट उतेऱ्याच्या कामाचे नाही.

4. लाखोरीबद्दलची भीती मोकळेपणाने बोलली पाहिजे. तिच्या दाण्यात ओडॅप नावाचे द्रव्य असते. 1964 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी ते वेगळे करून ओळखले. दुष्काळात महिनोन्महिने लाखोरीशिवाय दुसरे काही खायला नसलेल्या माणसांचे पाय त्याने कायमचे अधू झाले, ही खरी गोष्ट आहे आणि ती झाकून ठेवू नये. 1961 नंतर अनेक राज्यांनी विक्रीवर बंदी आणली, महाराष्ट्रानेही आणली होती. ती उठावी म्हणून नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी वर्षानुवर्षे लढले. आता रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाचे प्रतीक आणि महातिवडा, तसेच रतन, असे कमी ओडॅपचे वाण आहेत. तेच बियाणे जिल्ह्यात मिळावे आणि डाळ तूर, हरभरा, भाताबरोबर मिसळून खावी, केवळ तिच्यावर राहू नये, हे आशाताईंनी घरोघर सांगावे. पीक टिकवायचे आणि लोकांनाही जपायचे, तर ही दोन्ही कामे बरोबरच करावी लागतील.

5. धान उचलले की गुरे मोकळी सुटतात. मग उतेऱ्याचे जे व्हायचे ते होते. एकट्या शेतकऱ्याने कुंपण करून हे थांबत नाही. सगळ्या गावाने ठरवले तरच थांबते. 1871 पासून गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आहे, कोंडवाडेही आहेत, पण शेजाऱ्याची गाय कोंडवाड्यात घालून गावात वैर वाढवण्यापेक्षा गुराख्याला फेब्रुवारीपर्यंतची मजुरी ग्रामपंचायतीने द्यावी, हे मला जास्त पटते. लाखोरी पेरणाऱ्यांकडून एकरी थोडी वर्गणी घेतली तरी ते भागेल.

दुसरी अडचण हार्वेस्टरची. मजूर मिळत नाहीत म्हणून यंत्र येते, त्याच्या पट्ट्याखाली कोवळा उतेरा चिरडतो, आणि मागे राहिलेली तणस काही ठिकाणी पेटवली जाते. ज्या बांधीत उतेरा आहे तिथे हाताने कापणी करणाऱ्याला मजुरीत मदत मिळाली, तर दोन्ही टळतील. यासाठी रोजगार हमीची सांगड घालता येते का, हे जिल्हाधिकारी कार्यालयाने तपासावे.

6. ओलीत वाढले की उन्हाळी धान वाढते. 22 एप्रिल 1988 रोजी गोसीखुर्दचे भूमिपूजन झाले, त्या पाण्याची वाट या भागाने फार वर्षे पाहिली. चौरास पट्ट्यातल्या शेतकऱ्याला उन्हाळी धान लावू नको म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण खरिपात धान, उन्हाळ्यात पुन्हा धान आणि मध्ये एकही शेंगवर्गीय पीक नाही, अशी बांधी पूर्णपणे युरियावर येते. 45 किलोच्या पोत्यात 20.7 किलो नत्र. धानाच्या पाण्यात टाकलेल्या नत्राचा बराचसा भाग हवेत उडतो किंवा वाहून जातो. तीन वर्षांत एकदा तरी त्या बांधीत लाखोरी, हरभरा किंवा उडीद यावा.

इथे अतिशयोक्तीही नको. गाठींनी धरलेला पुष्कळसा नत्र दाण्यात जातो आणि दाणा बाजारात जातो. कुटार गुरांना, आणि शेण परत शेतात, असा फेरा पूर्ण झाला तरच जमिनीला काही उरते. आणि धानाला शेवटी शेवटी युरियाचा हात सैल सोडला असेल, तर लाखोरी गाठीच कमी धरते. आयता नत्र मिळत असताना झाड जिवाणूवर साखर खर्च करत नाही.

7. संशोधनाची मागणी एकच, पण आग्रहाची. इजिप्तमध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशात काही शतके धान आणि बरसीम आलटून पालटून घेतात. 1997 मध्ये युसुफ यान्नी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की बरसीमच्या गाठींतला रायझोबियम तिथल्या धानाच्या मुळांतही राहतो. गाठ करत नाही, पण वाढीला हातभार लावतो. धान आणि लाखोरीची अशीच जोडी वैनगंगेच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आपल्या धानाच्या मुळांत लाखोरीचा जिवाणू आहे का? असेल तर कोणत्या वाणात, कोणत्या जमिनीत? साकोलीच्या केंद्राने आणि अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने हा प्रश्न हाती घ्यावा आणि नमुने थेट शेतकऱ्यांच्या उतेऱ्यातून घ्यावेत. ज्या शेतकऱ्याच्या बांधीतला जिवाणू चांगला निघेल, त्याचे नाव त्या संवर्धनाच्या नोंदीत यावे.

8. ज्यांच्याकडे बांधीत उतेरा शक्य नाही, त्यांनी धुऱ्यावरची तूर सोडू नये. तिला जागा लागत नाही.

येत्या डिसेंबरात आपल्या बांधीतली लाखोरीची चार रोपे ढेकळासकट उचला, गाठी मोजा, कापून रंग पाहा. गुलाबी निघाल्या तर आकडा लिहून ठेवा. नाही निघाल्या तर तोच आकडा 26 जानेवारीच्या ग्रामसभेत उभे राहून वाचा आणि ठराव मागा.