'होईल, शेठ' म्हणणारा माणूस

सप्तशृंग गडाच्या परिसरातील वणीच्या बाजारपेठेत आश्विन महिना कामाचा डोंगर घेऊनच येतो. दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबागांची गोडबार छाटणी याच सुमारास चालू असते आणि खते, औषधे, सुतळी, तार यांसाठी शेतकरी सकाळपासून दुकानाच्या पायरीवर उभा असतो. त्यातच नवरात्रात गडाकडे जाणाऱ्या भाविकांची रीघ लागते, कोजागरीला कावडी येतात, आणि ती गर्दी ओसरते न ओसरते तोच दिवाळीची खरेदी व वहीपूजनाची तयारी समोर ठाकते. एवढ्या धांदलीत ज्या पेढीचा कारभार बिनबोभाट चाललेला दिसतो, तेथे बहुधा एक माणूस असा असतो, की ज्याच्या तोंडून 'नाही' हा शब्द कोणी ऐकलेला नसतो.

गाडी रात्री उशिरा आली तर माल उतरवून घ्यायला तो हजर. रोजमेळात चार रुपयांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत शटर खाली ओढणार नाही. उधारीची वसुली, बँकेचा भरणा, नवख्या पोऱ्याने चुकवलेले बिल, सारे फिरून त्याच्याच टेबलावर येते. कामचुकार नोकरावर मालकाची नजर असते. याच्यावर ती ठेवावी लागत नाही. म्हणूनच त्याची प्रकृती उतरली, जेवणाची वेळ टळू लागली, हसणे कमी झाले, हे सर्वांत शेवटी कोणाच्या लक्षात येत असेल, तर ते मालकाच्या.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ तैबी काहलर यांनी १९७० च्या दशकात माणसाला आतून हाकणाऱ्या पाच आज्ञा सांगितल्या. निर्दोष राहा, दुसऱ्यांना खूश ठेव, कणखर राहा, धडपडत राहा, घाई कर. यांतील पहिल्या दोन जेव्हा एकाच माणसात एकत्र येतात, तेव्हा त्याची कोंडी होते. दुसरी आज्ञा त्याला काम नाकारू देत नाही. पहिली ते कसेबसे उरकू देत नाही. मग वेळ आणायचा कोठून? तो झोपेतून आणि घरच्यांच्या वाट्यातून काढला जातो. त्यावर 'तुझ्यावाचून दुकानाचे पान हलत नाही' असे शेठने चारचौघांत म्हटले, की बिचारा आणखी दोन कामे अंगावर घेतो. कौतुक वाईट नव्हे. परंतु ते नेहमी जागरणाचेच होऊ लागले, तर इतर नोकरही त्यातून काय शिकायचे ते शिकतात.

एकत्र कुटुंबाच्या पेढीत ही गोष्ट अधिक अवघड होते, कारण तेथे मालक एक नसतो. वडील शेठ जुन्या खतावणीतील येणे काढायला सांगतात. थोरले चिरंजीव पुण्याच्या व्यापाऱ्याला तातडीने भावपत्रक पाठवायला सांगतात. धाकट्यांना संगणकातील साठ्याची यादी संध्याकाळपर्यंत हवी असते. घरातून निरोप येतो, की पाहुणे नाशिकरोडला उतरत आहेत, गाडी घेऊन जा. प्रत्येकाचे काम तासाभराचे, प्रत्येकाची सांगण्याची रीतही गोड. पण चौघांनी मिळून एका दिवसात किती तास मागितले, याची बेरीज कोणी केलेली नसते. ती त्या माणसाने केलेली असते, आणि तो बोलत नाही.

याहून नाजूक गोष्ट धर्मकार्याची. चातुर्मास संपून साधू-साध्वींचा विहार सुरू झाला, की पहाटे सोबत कोणी जावे, पुढच्या गावच्या स्थानाची व्यवस्था कोणी पाहावी, हा प्रश्न निघतो आणि पुष्कळदा उत्तर म्हणून याच माणसाचे नाव पुढे येते. तो विश्वासू असतो, वाटा ओळखतो, वेळेवर उठतो. सेवेची संधी त्याला आनंदाचीही असू शकते. तथापि जो शेठलाच नाही म्हणू शकत नाही, तो महाराजसाहेबांच्या कामाला कसा म्हणेल? पहाटे तीन तास चालून आलेला माणूस साडेनऊला पुन्हा गल्ल्यावर बसत असेल, तर ती सेवा नेमकी कोणी केली, हे एकदा कुटुंबाने स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे. त्या दिवशी त्याला उशिरा येण्याची मुभा द्यावी किंवा घरातल्या मुलानेच पायांत वहाण न घालता सोबत निघावे.

श्रावकाच्या अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, अतिभार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. प्रतिक्रमणात यांचा उच्चार होतो तेव्हा डोळ्यांसमोर बहुधा बैल आणि घोडा येतो. पण अतिभारारोपणाचा अर्थ मनुष्य वा पशू, कोणावरही त्याच्या शक्तीबाहेर ओझे घालणे असा केला जातो. बैलाला निदान खाली बसता येते. हमालाचे ओझे गोणीने मोजले जाते, त्याचा दर ठरलेला असतो, त्याच्या पाठीशी १९६९ चा माथाडी कायदा आहे. मुनीमाचे ओझे तराजूत पडत नाही आणि तो खालीही बसत नाही. तेव्हा ते मोजण्याची जबाबदारी लादणाऱ्याकडे येते. 'त्याने सांगायला हवे होते' हा बचाव बैलाच्या बाबतीत कोणी करीत नाही.

वणीच्या शेतकऱ्याला हे निराळ्या वाटेने ठाऊक आहे. वेलीला लागले तितके सगळे घड तो ठेवत नाही. वेल नाकारत नसते म्हणून विरळणी त्याला करावी लागते. न केल्यास मणी फुगत नाहीत आणि पुढच्या हंगामावरही परिणाम होतो.

पेढीवरची विरळणी प्रश्नापासून सुरू होते. 'जमेल ना?' या प्रश्नाला अशा माणसाकडे एकच उत्तर असते. त्याऐवजी 'आज हातात काय काय आहे?' असे विचारावे, तो सांगेल ते कागदावर लिहू द्यावे, आणि नवे काम देताना त्यातील कोणते मागे सारायचे ते मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगावे. निवड त्याच्यावर सोपवली, तर तो काहीच मागे सारणार नाही. कुटुंबातील चौघांपैकी एकानेच त्याला काम द्यावे, इतरांनी त्या एकामार्फत. सुरुवातीला वडीलधाऱ्यांना हे मानहानीचे वाटते. ती नाराजी मुलांनी पत्करावी. नोकराने पत्करावी अशी अपेक्षा धरू नये.

काटेकोरपणाचेही माप ठरवून द्यावे लागते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या पेढीला जीएसटीची ११ आणि २० तारीख चुकवता येत नाही. बिलाचा क्रमांक, मालाचा संकेतांक, कराचा दर येथे अचूकता हवीच. पण आठवड्याची साठ्याची यादी पाच-दहा नगांनी इकडेतिकडे असली तर व्यापार बुडत नाही, आणि फळीवरचे डबे एका रेषेत नसले तरी गिऱ्हाईक परत जात नाही. हे फरक मालकाला उघड दिसतात. परिपूर्णतेचा ध्यास असलेल्या माणसाला सगळी कामे एकाच उंचीची वाटतात. 'एवढ्यावर पुरे, आता घरी जा' हे वाक्य त्याला अधिकाराने ऐकू यावे लागते.

त्याच्या चुकीकडेही जपून पाहावे. असा माणूस क्वचित चुकतो, म्हणून चुकला की शरमेने मोडतो. एखादे बिल दोनदा जमा धरले गेले आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला बोलणी बसली, तर दुसरी चूक तो सांगणार नाही. एकटाच रात्र जागून ती झाकायला बसेल. पेढीचे खरे नुकसान बहुधा त्या दुसऱ्या चुकीत होते.

कापडाच्या व्यापाऱ्यांना जवळचे वाटेल असे उदाहरण जपानमधील आहे. साकिची तोयोदा यांनी १९२४ साली पूर्णत्वास नेलेला स्वयंचलित माग धागा तुटताच आपोआप थांबत असे; त्यामुळे सदोष कापड विणले जात नसे. पुढे त्याच घराण्याच्या मोटार कारखान्यात कामगाराला अडचण दिसली की दोरी ओढून मदत मागण्याची सोय झाली, आणि वेळेत मार्ग न निघाल्यास सारी रांग थांबवली जाई. यात महत्त्वाचे हे, की थांबण्यासाठी कामगाराला धैर्य गोळा करावे लागत नाही. तो नेमून दिलेल्या कामाचाच भाग असतो. छोट्या दुकानातही हे शक्य आहे. संध्याकाळी सहानंतर नवे काम सांगायचे नाही, असा नियम शेठने स्वतःवर घालून घेतला, तर त्या माणसाला नकार द्यावाच लागत नाही. साप्ताहिक सुटीच्या दिवशी त्याला फोन करायचा नाही, हाही तसाच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट दर ठरवला आहे. नोकर थोडे असल्याने काही पेढ्या त्या कायद्याच्या कक्षेत येत नसतील. माप म्हणून ते तेथेही वापरता येईल.

दुसरा माणूस तयार करणे मात्र सोपे नसते. 'त्याला शिकवेपर्यंत मीच करून टाकतो,' असे तो म्हणेल, आणि त्या दिवसापुरते ते खरेही असेल. म्हणून शिकवणे हेच त्याचे काम ठरवून, चैत्रातील यात्रा आटोपल्यावर येणाऱ्या शांत दिवसांत त्याला तेवढा वेळ मोकळा द्यावा. असे न केलेल्या पेढ्यांना एक दिवस कळते, की ज्याने वीस वर्षांत एकदाही नाही म्हटले नाही, त्याचा पहिला नकार राजीनाम्याच्या रूपाने आला. भांडण नाही, तक्रार नाही. सगळ्या चाव्या व्यवस्थित चिठ्ठ्या लावून टेबलावर ठेवलेल्या असतात.

त्याआधी, हे सारे जमून आले, तर कधीतरी तो चाचरत म्हणेल, 'शेठ, आज नाही जमणार.' त्या वेळी सारे दुकान शेठच्या चेहऱ्याकडे पाहत असते. कारण विचारू नये, थट्टाही करू नये. 'बरं, उद्या बघू' म्हणावे, आणि काम तातडीचेच असेल तर ते दुसऱ्याच्या हाती द्यावे किंवा स्वतः करावे.