मिठाच्या नावाने

हॉटेलांच्या पदार्थसूचीतून मराठीत आलेल्या 'सॉसेज' या शब्दात मांस नाही, ते ज्यात भरतात ते आतडे नाही आणि त्याचा लांबट आकारही नाही. त्यात आहे ते फक्त मीठ. लॅटिनमध्ये मिठाला 'साल' आणि खारवलेल्याला 'साल्सुस' म्हणत, व त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'साल्सिकिया', म्हणजे खारवून केलेला जिन्नस, हे नाम रूढ झाले. उत्तर फ्रान्सच्या बोलीत त्यातील 'ल'चा 'उ' झाला आणि हे बदललेले रूप नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमधून पंधराव्या शतकापर्यंत इंग्रजीत स्थिरावले.

रोमनांकडे या पदार्थासाठी याहून जुने शब्द होते. 'फार्किमेन' म्हणजे ठासून भरलेले. 'लुकानिका' हे नाव दक्षिण इटलीतील लुकानिया प्रांतावरून पडले असून, रोमन सैनिक तेथील लोकांकडून ही कृती शिकले असे व्हारो या रोमन पंडिताने नोंदवले आहे, आणि ग्रीकांचे 'लुकानिको' व स्पॅनिशांचे 'लोंगानिसा' हे त्याचेच वंशज होत. तिसरा शब्द 'बोतुलुस' स्वयंपाकघरातून हद्दपार झाला, पण वैद्यकात उरला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत बिघडलेल्या सॉसेजमुळे होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचे सविस्तर वर्णन युस्टिनुस केर्नर या कवी असलेल्या वैद्याने केले, पुढे त्या विकाराला 'बोट्युलिझम' हे नाव मिळाले, आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घालवण्यासाठी टोचले जाणारे 'बोटॉक्स' हे त्याच विषाच्या नावाचे आखूड रूप आहे. सौंदर्योपचारासाठी पैसे मोजणाऱ्यांना हा नातेसंबंध कोणी सांगत नाही, हे व्यवसायाच्या दृष्टीने शहाणपणाचेच म्हणावे लागेल.

मराठी वाचकाला अधिक जवळचा शब्द मात्र गोव्याचा 'चोरीस' हा आहे. तो पोर्तुगीज 'शोरिसो'वरून कोकणीत आला, आणि हा 'शोरिसो' व त्याचा स्पॅनिश भाऊबंद 'चोरिसो' यांच्या मुळाविषयी कोशकारांत एकमत नाही. काही जण मूळ अनिश्चित मानतात, तर काही ते त्याच खारवलेल्या 'साल्सिकिया'पर्यंत नेतात. पोर्तुगीजमध्ये 'साल्सिशा' असा दुसरा शब्द असताना एकाच मुळातून दोन शब्द कसे, ही शंका रास्त असली तरी निर्णायक नाही, कारण 'साल्सिशा' हा इटालियनमधून मागाहून उसना घेतलेला शब्द मानला जातो आणि मराठीतही एकाच संस्कृत शब्दाची तत्सम व तद्भव रूपे शेजारी शेजारी नांदतातच. दुसरे मत ग्राह्य धरले, आणि ते अधिक संभाव्य वाटते, तर 'सॉसेज' आणि 'चोरीस' हे एकाच घरातून निघून, एक फ्रान्स-इंग्लंडमार्गे आणि दुसरा लिस्बनमार्गे, पश्चिम किनाऱ्यावर पोहोचलेले शब्द ठरतात.

टिकाऊ पदार्थाला मिठाचे नाव द्यावे, ही बुद्धी काही रोमनांचीच नव्हे. मराठी 'लोणचे' हा शब्द 'लवण' या संस्कृत शब्दापासून आला. 'साल' आणि 'लवण' यांचा परस्परांशी संबंध नसताना दोन्हीकडे नाव ठेवणाऱ्यांनी चव, रंग किंवा मुख्य जिन्नस बाजूला सारून, पदार्थ नासू न देणारी वस्तूच नावात घातली. मीठ मांसातील किंवा फळातील पाणी ओढून घेते आणि पाण्यावाचून जिवाणूंची वाढ रोखली जाते, हे शास्त्र पुढचे. अनुभव त्याच्या कितीतरी आधीचा.

गोव्यात मात्र एवढ्या मिठावर भागले नाही. डुकराच्या मांसाला मिठाबरोबर माडाच्या सुरेचा शिरका (व्हिनेगर), लाल मिरची, लसूण, आले आणि लवंग-दालचिनीसारखा गरम मसाला लागला, आणि त्यातली मिरचीसुद्धा अमेरिकेतून पोर्तुगीजांनीच आणलेली. आतड्यात भरलेल्या या माळा उन्हात वाळवून पावसाळ्याच्या बेगमीत टांगल्या जात, ज्या बेगमीला गोव्यात 'पुरुमेंत' म्हणतात. तोही शब्द 'तरतूद' या अर्थाच्या पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु'वरून घडलेला आहे.