शून्य म्हणजे जालना?

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं मराठी चालवून घ्या. पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दिवाळीच्या गाड्यांसाठी होस्टेलची तालुकावार यादी करायला मी 'गो' भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला. गोमध्ये एनम नाही. म्हणून 'तालुका' असा वेगळा टाइप केला आणि 'आयोटा' वापरून जिल्ह्याचे ८ तालुके कॉन्स्टंट केले : जालना ०, बदनापूर १, असं करत मंठा ७.

यादी निघाली, तर मंठ्याची माझी रूममेट जालन्याची! तिने रकाना कोरा सोडला होता. गोमध्ये कोऱ्याची किंमत शून्य, आणि माझं शून्य म्हणजे जालना. मंठ्याच्या गाडीतून तिचं नाव गळलं. दुसऱ्या एकीचा तालुका चक्क ४२! आकडा टाइपमध्ये बदलून घेतला होता, त्यामुळे कंपायलरने हूं की चूं केलं नाही.

माझं स्पष्ट मत असं, की टाइप ही नुसती दारावरची पाटी आहे, वॉचमन नाही. वॉचमन आपणच बसवायचा. शून्य 'माहीत नाही'साठी राखून ठेवा, मोजणी १ पासून करा. आकडा आत येतानाच स्विचमध्ये आठही नावांशी ताडून बघा, डिफॉल्टला एरर द्या. आणि यादी बदलली की स्विचही बदला. आपला जिल्हाच १ मे १९८१ चा, तालुके नंतर वाढले.

चार ओळी जास्त लिहायचा कंटाळा मी केला, भुर्दंड तिला पडला. परवा मेसमध्ये तिने विचारलंच, "काय गं, मी अजून जालन्याचीच का?"