बर्फाखालची बुडी आणि आपली ओरड

माझी नात फ्रान्समध्ये गोठलेल्या तळ्यात, बर्फाखाली बुडी मारून आली आणि आमच्या गोतावळ्यात दोन पक्ष पडले. एक म्हणतो, "काय ही जिवावरची हौस! यासाठी शिकायला पाठवलं का हिला?" दुसरा म्हणतो, "वा गं वाघीण!" मला दोन्ही पक्षांशी भांडायचं आहे. फोनवर कोणी मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी प्रकार काय तो बघा. आल्प्समध्ये तीन्य नावाचं गाव आहे, सुमारे २१०० मीटर उंचीवर. तिथलं तळं हिवाळ्यात गोठतं. गोडं पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असतं, म्हणून बर्फ वर तरंगतो आणि खाली पाणी पाणीच राहतं, हे आपण सगळे शाळेत शिकलो आहोत (आणि विसरलो आहोत!). अशा बर्फाला करवतीने भोक पाडतात, बहुधा त्रिकोणी. कोपऱ्यात दोन्हीकडे हात टेकून बाहेर येणं सोपं जातं. तिथूनच आत जायचं, तिथूनच बाहेर यायचं. समुद्रात काही बिनसलं तर पाणबुड्या निदान सरळ वर येऊ शकतो. इथे डोक्यावर छप्पर! तेव्हा भीती खोटी आहे असं मी मुळीच म्हणत नाही.

आता पहिल्या पक्षाला विचारते. या भीतीवर त्या लोकांनी काय उपाय केलेत, हे एकाने तरी विचारलंत का?

पाण्यात उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधलेला असतो. त्याचं दुसरं टोक बर्फावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. किती हिसके म्हणजे काय, हे आधी ठरवून, घोकून घेतलेलं. शेजारी आणखी एक पाणबुड्या पूर्ण पोशाखात तयार बसलेला, त्याचा दोर पहिल्यापेक्षा लांब. गारठ्यात श्वासाचं यंत्र, म्हणजे रेग्युलेटर, आतून गोठून हवा भसाभस सुटू शकते, म्हणून दोन वेगळे रेग्युलेटर. आणि सगळ्यांत मला आवडलेला नियम: दोर सुटलाच तर भोक शोधत फिरायचं नाही. वर बर्फाला लागून एका जागी थांबायचं. तो लांब दोरवाला बर्फाखाली गोल फिरतो आणि त्याचा दोर तुमच्यापर्यंत येतो. जत्रेला नेताना आपण पोरांना वेगळं काय सांगत होतो? हरवलास तर आहेस तिथेच उभा राहा!

हे सगळं असूनही धोका उरतोच. पण तो ओळखून, मोजून, मग पाऊल टाकणं याला अविचार म्हणत नाहीत. आमची पोरगी आधी तारकर्लीला रीतसर स्कूबा शिकली. बर्फाखाली तिची ही पहिलीच वेळ, म्हणून प्रशिक्षक हाताच्या अंतरावर होता.

आपल्याकडे म्हण आहे, चढेल तो पडेल आणि पोहेल तो बुडेल. म्हणून आपण पोरांना पोहायलाच शिकवत नाही, आणि पावसाळा लागला की सहकुटुंब धबधब्याखाली उभे राहतो! ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. लोंढा अचानक आला. गेलेल्यांना मी दोष देत नाही. पण त्यानंतरही आपल्यापैकी कितीजण दोर तर सोडाच, आभाळाकडे बघून तरी पाण्यात उतरतात? त्या सहलीला कोणी जिवावरची हौस म्हणत नाही. ती आपली वर्षासहल!

आता टाळ्या वाजवणाऱ्यांकडे वळते. अहो, वाघीण एकटी हिंडते. ही तर दाव्याला बांधलेली होती! तिने केलं ते एवढंच, की सांगितलं तसं ऐकलं, श्वास संथ ठेवला आणि आपला जीव दुसऱ्याच्या हातात विश्वासाने दिला. सोडलेल्या हवेचे बुडबुडे बर्फाच्या तळाशी पाऱ्यासारखे पसरतात म्हणे. ते बघताना तिला रडू आलं, असं तिने मला सांगितलं. पण तेवढा वेळ वर थंडीत उभा राहून ज्याने दोर ढिला पडू दिला नाही, त्याची चौकशी कोणी केली? तिच्या फोटोंत त्याचा फक्त एक हातमोजा दिसतो.

हे मी उगाच ताणत नाही. तुमच्या "वाघीण"चा परिणाम घरात दिसू लागला आहे. माझा नववीतला नातू मित्रांबरोबर जुन्या दगडखाणीच्या पाण्यात उडी मारायला जातो म्हणाला. "ताई बर्फात जाते, मग मी का नाही?" पोहता त्याला येत नाही. त्याने ताईची बुडी पाहिली, दोर पाहिलाच नाही, कारण आपण कोणी तो दाखवला नाही. ओरडणाऱ्यांनीही नाही आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनीही नाही.

तेव्हा मंडळी, तिला रागवू नका आणि डोक्यावरही घेऊ नका. फोन केलात तर दोर कसा बांधतात ते विचारा आणि नातवाला शेजारी बसवून ऐकवा. मे महिन्यात त्याचं नाव तरणतलावात घालायचं आहे, फी माझी. त्याच्या आईबाबांनी हे वाचलं असेल असं धरून चालते.