स्वस्त हेडफोन आणि कानाची पारख

दांडिया बाजारातील एका जुन्या मराठी घरी मध्यंतरी जाण्याचा योग आला. यजमान ऐंशी ओलांडलेले, शिक्षकी पेशातून निवृत्त झालेले. त्यांच्या वडिलांनी हौसेने जमविलेल्या तबकड्या अजून माळ्यावरच्या पेटीत आहेत. फोनो मात्र केव्हाच मोडीत निघाला. नातवाने खटपट करून त्या तबकड्यांतील गाणे उतरवून घेतले आणि आजोबांच्या फोनमध्ये भरून दिले. फैयाजखाँ, अब्दुल करीमखाँ, हिराबाई बडोदेकर अशी सारी मंडळी खिशात येऊन बसली. पण ती ऐकावयाची कशी? फोनचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. मोठ्याने लावावे तर शेजारच्या खोलीत सून घरूनच कचेरीचे काम करीत असते. कानात खुपसावयाची बोंडे त्यांना सोसत नाहीत. सबंध कान झाकणारा हेडफोन घ्यावा म्हणून त्यांनी चौकशी केली, तेव्हा कोणी तीस हजारांचा सांगितला, कोणी पन्नास हजारांचा. ‘ते आपले काम नव्हे,’ असे म्हणून त्यांनी तो विषय मिटविला, आणि त्याबरोबर ऐकणेही.

मौलाबक्षांनी १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने ज्या शहरात गायनशाळा काढली आणि जेथे फैयाजखाँसाहेबांनी १९५० साली देह ठेवला, त्या शहरात एका रसिकाने केवळ किमतीच्या धास्तीने गाणे मिटवून ठेवावे, ही गोष्ट आमच्या मनाला लागली. ती धास्ती अनाठायी आहे असे आमचे मत आहे, आणि तेच आज सकारण सांगावयाचे आहे.

प्रथम किमतीविषयी. महाग तेवढे सुरेल, हा समज सोन्याच्या बाबतीत चालेल. हेडफोनच्या बाबतीत तो टिकत नाही. येरुन ब्रेबार्ट या संशोधकाने पावणेतीनशेंहून अधिक हेडफोनांचे मापन करून त्याचे निष्कर्ष २०१७ साली अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. खर्जापासून तारापर्यंत कोणता स्वर किती जोराने उमटतो, याला फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स म्हणतात. तो आणि विक्रीची किंमत यांच्यात काही संबंध त्यांना आढळला नाही. जास्तीच्या पैशांत बांधणी, टिकाऊपणा, डोक्यावर बसण्याचे सुख आणि नावाचा मान ही मिळतात. ती मिळूच नयेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु सुराची हमी त्या पैशांत नसते.

दुसरी अढी ‘चिनी माल’ या शब्दांची. घरोघरी हे शब्द नाक मुरडूनच उच्चारले जातात. वस्तुस्थिती अशी की, पाश्चात्त्य नाव मिरविणारे पुष्कळसे हेडफोन चीनमध्येच तयार होतात. मूळच्या व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीचा के २४० हा ध्वनिमुद्रणशाळांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेलेला हेडफोन. तोही आता चीनमध्ये बनतो. त्याच्याच घाटणीचा, दोन बारीक कमानींचा, सुपरलक्स कंपनीचा एचडी ६८१ त्याच्या कितीतरी कमी किमतीत मिळतो. ही कंपनी मूळची तैवानची, कारखाने चीनमध्ये. दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील टाकस्टार कंपनीची गोष्ट याहून बोलकी आहे. हायपरएक्स या अमेरिकन नावाने २०१४ साली बाजारात आलेला आणि खेळगड्या मुलांत नावाजलेला ‘क्लाउड’ हा टाकस्टारच्या प्रो ८० वरच बेतलेला होता. कारागीर तोच, पाटी निराळी. चिनी मालात गाळसाळ भरपूर आहे हे खरे; म्हणून तर पारख हवी.

ही पारख करताना पहिला प्रश्न विचारावा तो पाठीचा. काही हेडफोनांच्या वाट्या पाठीमागे उघड्या अथवा अर्धवट उघड्या असतात, काहींच्या बंद. उघड्या पाठीचा आवाज मोकळा, दिवाणखान्यात बसून ऐकल्यासारखा वाटतो. पण त्यातून घरातला आवाजही आत येतो. आपल्याकडे आठ महिने डोक्यावर पंखा फिरत असतो. पंख्याची घरघर झाकण्यासाठी माणूस नकळत आवाज चढवीत जातो. म्हणून रात्री निवांत खोलीत ऐकणाऱ्याने उघडी पाठ घ्यावी, गजबजलेल्या घरात बंद पाठ बरी. वर सांगितलेला एचडी ६८१ अर्धवट उघडा आहे. टाकस्टारचा प्रो ८२ बंद आहे, आणि त्याच्या वाटीवर एक सरकती खिट्टी असून तिने खर्जाचे प्रमाण कमीजास्त करता येते.

दुसरा प्रश्न बळाचा. एचडी ६८१ चा विद्युत् विरोध ३२ ओहम आहे. असले हेडफोन साध्या फोनवर किंवा फोनला लावावयाच्या चिमुकल्या जोडतुकड्यावर पुरेसे वाजतात. हायफायमॅन या चिनी कंपनीचा एचई ४०० एसई यासारखे चपट्या पडद्याचे हेडफोन ऐकावयास सुरेख असतात, पण त्यांना वेगळ्या ॲम्प्लिफायरचे बळ लागते. ते न दिल्यास ते बापडे मिणमिणतात आणि दोष हेडफोनला दिला जातो. तिसरा प्रश्न गादीचा. रेक्झिनची गादी कानाभोवती घट्ट बसते म्हणून खर्ज भरदार ठेवते. वैशाखात मात्र तिच्याखाली घामाच्या धारा लागतात. मखमली गादी सुखाची, परंतु तिच्यातून थोडा खर्ज पाझरून जातो. घ्यावयाच्या आधी अर्धा तास डोक्यावर ठेवून पाहावा. चष्म्याच्या काड्या दुखू लागल्या तर तो हेडफोन फुकट मिळाला तरी महाग.

आता स्वस्त हेडफोनांच्या एका दोषाकडे वळू, कारण आमच्या वाचकांच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. यांतील कित्येकांत उंच स्वरांच्या टापूत एक तीव्र उंचवटा असतो. एचडी ६८१ च्या मापनांत तो सेकंदाला आठ-नऊ हजार कंपनांच्या सुमारास दिसतो. नव्या ध्वनिमुद्रणात त्यामुळे ‘स’ आणि ‘श’ ही अक्षरे सुईसारखी टोचतात. जुन्या तबकड्यांच्या बाबतीत प्रकार आणखी गमतीचा आहे. १९२५ पूर्वीच्या तबकड्या कर्ण्यात गाऊन भरलेल्या. विजेच्या साह्याने मुद्रण सुरू झाल्यावरही गवयाचा आवाज बहुतेक सारा पाच-सहा हजार कंपनांच्या खालीच सामावलेला असे. त्याच्या वर तबकडीत गाणे जवळजवळ नसतेच. असते ती सुईची खरखर. म्हणजे हेडफोनचा उंचवटा नेमका खरखरीला पुढे आणून बसवितो आणि खाँसाहेब तिच्याआड जातात. ऐकणारा म्हणतो, तबकडी झिजली. तबकडी झिजलेली असेलही, पण अर्धा अपराध हेडफोनचा असतो.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या मंडळींना नवा वाटू नये. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली आपण सुताचा बारीक धागा सरकवितो. केसभर पुढे-मागे होताच कोरडी तार बोलू लागते. जवारी लागली असे आपण म्हणतो. त्या धाग्याचे मोल काय? तबल्याचे गठ्ठे ठोकल्यावाचून कोणी तबला वाजवावयास बसत नाही. वाद्य दुकानातून आणले म्हणजे ते तयार झाले, असे आपल्या परंपरेत कधी मानलेलेच नाही. मग हेडफोन तेवढा सीलबंद दैवत का मानावा?

बहुतेक हेडफोनांची गादी हलक्या हाताने ओढली की निघते. आत जाळीमागे ड्रायव्हर, म्हणजे आवाज उत्पन्न करणारा पातळ पडदा असतो. त्याच्यासमोर हात पुसण्याच्या पातळ कागदाचा एकच पदर, किंवा नमद्याची पातळ चकती, वर्तुळाकार कापून बसवावी आणि गादी पुन्हा चढवावी. उंच स्वरांचा तीक्ष्णपणा तेवढ्याने बोथट होतो, खालचे स्वर जवळजवळ जसेच्या तसे राहतात. वाटीच्या आत चिमूटभर कापूस सैलसर पसरल्यास आतल्या आत घुमणारा आवाज काहीसा निवतो. कमान आवळत असेल तर हेडफोन रात्रभर पुस्तकांच्या चळतीवर ताणून ठेवावा. वायर मुळाशी तुटली तर रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून डाख देऊन घ्यावा. तोच वाटीला खोबण बसवून सुटी वायर जोडण्याची सोयही करून देईल.

मात्र हे करताना काही पथ्ये पाळली पाहिजेत. एका वेळी एकच बदल करावा, आणि तो काढून टाकता येईल असाच असावा. पडद्याला बोट लागता कामा नये. डाव्या-उजव्या वाटीत कागद-कापूस सारखाच पडला पाहिजे. नाहीतर गवई एका बाजूला सरकून बसतो. बदलाच्या आधी आणि नंतर तीच चीज, त्याच पट्टीच्या आवाजात ऐकावी. कारण जरा मोठे वाजलेले आपल्या कानाला नेहमीच अधिक चांगले वाटते. शंभर तास वाजवीत ठेवले की हेडफोन आपोआप सुधारतो, या बाजारगप्पेवर विसंबू नये. त्या काळात गादी कानाला बसते आणि कान आवाजाला सरावतो, एवढेच बहुधा घडते. ज्यांना सुरी-कात्री नको असेल त्यांनी फोनमधील इक्वलायझरने तो टापू चार-सहा डेसिबल खाली आणावा. फळ जवळपास तेच, आणि चुकल्यास बोटाने परत.

कानाची काळजी हे शेवटचे पथ्य, पण सर्वांत मोठे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे. दर तीन डेसिबलमागे ही मुदत निम्मी होते. ८३ वर वीस तास, ८६ वर दहा. हेडफोन कितीही स्वस्त मिळो, कान दुसरा मिळत नाही.

दांडिया बाजारातील घराचे पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. नातवाने अशीच एक स्वस्त जोडी आणली. पहिले दोन दिवस आजोबांनी ‘खरखर फार’ म्हणून ती बाजूला ठेवली. तिसऱ्या दिवशी कागदाचा एक पदर आत गेला. त्या संध्याकाळी त्यांनी करीमखाँसाहेबांची एक चीज ऐकली, मग तीच पुन्हा ऐकली, आणि हेडफोन न काढताच मोठ्याने म्हणाले, ‘अरे, मागे तंबोरा आहे!’ सुनेला तिच्या खोलीत ते ऐकू गेले.

हेडफोनवर एक आक्षेप राहतोच, आणि तो आम्हांला मान्य आहे. ज्या घरांत गाणे म्हणजे चार माणसे सतरंजीवर बसून ऐकण्याची गोष्ट होती, तेथे प्रत्येक जण आपापले कान झाकून बसला तर बैठक मोडते. दाद द्यावयाला शेजारी कोणी उरत नाही. या आक्षेपाचे पूर्ण उत्तर आमच्याजवळ नाही. अर्धे आहे. एकाच खोबणीत दोन हेडफोन लावता येतील असा दुहेरी जोड अगदी किरकोळ किमतीत मिळतो. स्वस्त हेडफोनचा हा फायदा कोणी सांगत नाही, की एका महागाच्या पैशांत दोन घेऊनही पैसे उरतात. तरुण वाचकांना आमची सूचना आहे की, येत्या रविवारी कात्री, कागद आणि तो दुहेरी जोड घेऊन घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी बसावे. दुसरा हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवावा, आणि समेवर त्यांच्याकडे पाहावे.