भिशीचे पैसे कशात घालावेत?

मैत्रिणींनो, या आठवड्यात एकच पत्र हाती घेते आहे. पत्र एकीचं असलं तरी प्रश्न आपल्या साऱ्याजणींचा आहे.

ही वाचक भगिनी तालुक्याच्या गावी राहते. घरात सासूबाई, यजमान आणि दोन शाळकरी मुलं. बाराजणींची भिशी, महिना पाचशेची, ती तिला या खेपेला लागली. हातात सहा हजार रुपये आले आणि घरात चर्चा सुरू झाली. सासूबाईंना वाटतं, चांदीचं निरांजन घ्यावं. यजमान म्हणतात, बाहेरच्या खोलीतले पडदे विटलेत, आल्यागेल्याला दिसतात. मुलाला जुनी सायकल पुरत नाही. ही बिचारी विचारते आहे, घरासाठी काय घेतलं म्हणजे सगळ्यांना बरं वाटेल? आणि मग खाली, कागद संपता संपता, ताजा कलम: ‘मिक्सर हल्ली मध्येच बंद पडतो, ओट्याशी उभं राहून कंबर भरून येते, पण ते चालायचंच.’

अहो, चालायचंच कसं? खरं पत्र त्या ताज्या कलमातच आहे की! ‘सगळ्यांना’ म्हणताना तिने स्वतःला मोजलंच नाही. आपण बायका हे असंच करतो. महिन्याच्या खर्चातून दहा-वीस रुपये बाजूला टाकून भिशी भरायची आपण, आणि लागली की तिच्यावर हक्क साऱ्या घराचा.

खरेदीची माझी फूटपट्टी अगदी साधी आहे. ज्या वस्तूला दिवसातून जास्त वेळा हात लागतो, ती आधी. निरांजनाला हात लागणार सकाळ-संध्याकाळ, पडद्यांना दोनदा. ओट्याशी मात्र तुम्ही सकाळचे तीन तास आणि संध्याकाळचे दोन तास उभ्या असता. स्वयंपाकघरात भिंतीला एक कागद लावा, दोऱ्याने पेन्सिल बांधा, आणि दोन दिवस खुणा करा. किती वेळा वाकलात, कितीदा डबा शोधला, कितीदा अंधारात चाचपडलात, कितीदा ‘आई गं’ म्हणालात. तिसऱ्या दिवशी कागद वाचा. काय घ्यायचं ते तोच सांगेल.

माझी स्वतःची सर्वांत आवडती खरेदी कोणती विचाराल, तर ओट्यावरचा दिवा. हसू नका! बहुतेक घरांत स्वयंपाकघराची ट्यूब आपल्या पाठीमागच्या भिंतीवर असते. आपण ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिलो की आपलीच सावली पोळपाटावर पडते. वर्षानुवर्षं आपण आपल्याच सावलीत भाजी चिरतो, आणि डोळे दुखले की चष्म्याचा नंबर वाढला म्हणतो. ओट्यावरच्या फळीच्या किंवा कपाटाच्या खालच्या अंगाला, पुढच्या कडेशी, दोन फुटी एलईडी पट्टी बसवून घ्यावी. उजेड हातावर पडावा, डोळ्यांत जाऊ नये. शेगडीच्या बरोबर वर मात्र लावू नये, तिथे वाफ आणि तेलकटपणा लागतो. दहा वॅटची पट्टी रोज पाच तास जळली तर महिन्याला जेमतेम दीड युनिट लागतं. जुना साठ वॅटचा बल्ब तेवढाच वेळ जाळला असता तर नऊ युनिटं लागली असती. तेव्हा विजेच्या बिलाची धास्ती नको. वायरमनची मजुरी धरूनही सहा हजारांतला फार थोडा भाग यात जाईल. डाळीतला खडा दिसतो, वांग्यातली अळी दिसते, कोथिंबिरीतलं गवत दिसतं. सासूबाई ओट्याशेजारी बसून तांदूळ निवडत असतील तर त्यांनाही दिसतं, हे त्यांच्या कानावर जरूर घाला.

आता कंबर. यासाठी खर्च करण्याआधी एक मोजमाप करा. ओट्यासमोर ताठ उभ्या राहा, हात कोपरात काटकोनात वळवा. भाजी चिरायची पाटी कोपराच्या चार-पाच इंच खाली असावी. पोळ्या लाटताना, कणीक मळताना जोर लावायचा असतो, तेव्हा त्याहूनही खाली असलेली बरी. ओटे बांधणाऱ्या गवंड्याने तुमची उंची थोडीच विचारलेली असते! उंच बाईला ओटा बुटका पडतो, मग ती दिवसभर मान आणि पाठ वाकवून काम करते. तिने चिरायच्या पाटीखाली जाड लाकडी फळी घ्यावी. बुटक्या बाईला ओटा उंच पडतो, ती खांदे उचलून पोळ्या लाटते. तिने पायांखाली रुंद, ठेंगणा पाट घ्यावा. पाट डुगडुगता कामा नये आणि फरशीवर सरकताही कामा नये. खाली रबराचे तुकडे ठोकून घ्या.

याशिवाय एक बिनपैशाची युक्ती. ओट्याखाली जागा असेल तर चार-सहा इंच उंचीचा एखादा पाट ठेवा आणि उभ्या असताना एक पाय त्यावर टेका, थोड्या वेळाने दुसरा. कंबरेवरचा ताण हलका होतो. शहाबादी फरशीवर अनवाणी तासन्‌तास उभ्या राहत असाल तर पायांखाली जाड, न सरकणारं पायपुसणं हवंच. शेंगा सोलणं, लसूण निवडणं ही कामं उभ्याने करण्याचं कारणच नाही, एक उंच स्टूल घ्या आणि बसा. घरातलं कुणी काही बोललं तर बोलू द्या. मात्र दुखणं कंबरेतून पायात उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील, तर पाट आणि स्टुलावर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा.

मिक्सरकडे वळते. आपल्या घराघरांतल्या मिक्सरची गोष्ट मुळात दुरुस्तीपासूनच सुरू झाली, हे ठाऊक आहे का? सत्यप्रकाश माथुर नावाच्या इंजिनिअरच्या पत्नीचा, माधुरीबाईंचा, जर्मन बनावटीचा मिक्सर बिघडला आणि इथे तो कुणाला दुरुस्त करता येईना. परदेशी मिक्सर तिकडच्या हलक्या कामांसाठी केलेले. आपली भिजवलेली डाळ, सुकं खोबरं, हळकुंड त्यांना कसं झेपणार? मग माथुरांनी जोरकस मोटर घालून आपल्या स्वयंपाकाला पुरेल असं यंत्र केलं आणि १९६३ साली ‘सुमीत’ बाजारात आला. पुढे किती घरांतले पाटे-वरवंटे परसात गेले, ते तुम्ही-आम्ही पाहिलंच आहे. तेव्हा कुठलंही यंत्र घेताना रंग आणि भांड्यांची संख्या नंतर पाहा. पहिला प्रश्न हा, की याची दुरुस्ती आपल्या गावात होते का आणि सुटे भाग मिळतात का?

आपल्या भगिनीचा मिक्सर ‘मध्येच बंद पडतो’ म्हणजे तो मेला असं नव्हे. बहुतेक मिक्सरच्या बुडाशी एक बारीकशी कळ असते, पुष्कळदा लाल रंगाची. भार जास्त झाला की मोटर जळू नये म्हणून तीच यंत्र बंद करते. प्लग काढावा, पाच-दहा मिनिटं थांबावं, भांड्यातला माल कमी करावा आणि कळ दाबावी. पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं. भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही, आणि वाटण घट्ट असेल तर थांबून थांबून फिरवायचं. भांड्याखालची दातेरी चकती झिजली असेल तर ती बदलून मिळते. एवढं करूनही वारंवार बंद पडला, जळका वास आला, तर मात्र मिस्त्रीला दाखवा. नवा घेण्याची पाळी त्यानंतरची.

कुकरविषयी थोडक्यात. घरगुती कुकरवर आयएसआयची खूण २०२१ पासून सक्तीची झाली आहे, ती पाहूनच घ्यावा. आहे तो चांगला असेल तर नव्याच्या फंदात न पडता त्याच कंपनीचं एक रबर आणि एक सुरक्षा झडप आणून ठेवा. रबर नेमकं पाहुणे येतात त्या दिवशीच सैल पडतं! त्याच फेरीत गॅसच्या नळीवरची तारीखही पाहून घ्या. पाच वर्षं झाली असली तर नळी बदला. ही खरेदी कुणाला कौतुकाने दाखवता येत नाही, पण ती टाळू नये. आणि फरशी अजून उकिडवं बसून पुसत असाल तर लांब दांड्याचा पोछा, उद्याच.

प्रदर्शनातली ‘एकात दहा कामं’ करणारी यंत्रं मात्र घेऊ नका. चिरायला दोन मिनिटं वाचतात आणि धुवायला दहा लागतात.

आता घरच्यांना काय सांगायचं? सासूबाईंचं म्हणणं काही खोटं नाही. चांदी अडीनडीला मोडता तरी येते, पोछा मोडून कोण पैसे देणार! निरांजनासाठी पुढच्या भिशीचं नाव काढा, आणि ते खरोखरच पाळा. यजमानांना मात्र ‘घेऊ का?’ असं विचारू नका. ‘वायरमन रविवारी येणार आहे, तुम्ही घरी असा,’ असं सांगा. दोन्हींत पुष्कळ फरक आहे, करून पाहा. मुलाच्या सायकलीची सीट वर करून मिळते का, ते सायकलवाल्याला विचारावं. निदान एक वर्ष निघेल.

घेतलेल्या प्रत्येक वस्तूचं बिल आणि वॉरंटीचं कार्ड दुकानदाराचा शिक्का आणि तारीख घालूनच घ्या. यंत्राने छापलेल्या बिलांवरची अक्षरं वर्षभरात उडतात, म्हणून त्याची झेरॉक्स काढून एका पिशवीत ठेवा. पिशवी स्वयंपाकघरातच असू द्या. कपाटात गेली की ती ऐन वेळी सापडत नाही.

राहता राहिले पडदे. विटलेल्या पडद्यांना अस्तर लावून ते उलट्या बाजूने कसे वापरायचे, ते पुढच्या अंकी सांगेन. कापड मोजून ठेवा.