संघटनेवाचून कायदा पांगळा



आपण बुद्धाला शरण गेलात, बावीस प्रतिज्ञा घेतल्यात, देव्हाऱ्यातील जुने देव विसर्जित केलेत. याबद्दल आपले अभिनंदन! परंतु सकाळी ज्या ठिकाणी आपण मजुरीस जाता, तेथे आपले स्थान बदलले काय, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारला पाहिजे. मन मोकळे झाले. हात मात्र अद्याप मुकादमाच्या उचलीपोटी गहाण असतील, तर दीक्षेचे कार्य अर्धेच झाले असे म्हणावे लागेल.

बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो. ते कोलंबिया व लंडन येथे शिकलेले अर्थशास्त्रज्ञ होते, याची आठवण आपल्या सभांतून क्वचितच होते. जातिव्यवस्था श्रमाबरोबर श्रमिकांचीही वाटणी करते, असा सिद्धांत त्यांनी १९३६ साली मांडला. त्याचा पुरावा मुंबईच्या गिरण्यांत होता. सातारा जिल्ह्यातून हजारो माणसे तेथे पोट भरावयास गेली. पण अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांस मज्जाव होता. कारण काय, तर तेथे धाग्याला तोंड लावावे लागे, त्याचा विटाळ होई! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. १९३८ साली मनमाडच्या परिषदेत रेल्वे कामगारांना त्यांनी ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे दोन शत्रू दाखवून दिले.

त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, संपाचा हक्क आखडणाऱ्या विधेयकाविरुद्ध, त्यांनी कम्युनिस्टांसह एक दिवसाचा संप घडविला. पुढे मजूरमंत्री असताना १९४३ साली, मालकांनी कामगार संघटनांना मान्यता देणे सक्तीचे करणारे विधेयक त्यांनी आणले. हा क्रम ध्यानात घ्या. कायदा करण्याची सत्ता हाती असतानाही ते संघटनेचे बळ वाढवीत होते. कारण राबविणारे हात नसतील, तर उत्तम कायदाही पांगळा होतो.

आपल्याच मुलखातील उदाहरण घ्या. पाटण, माण, खटाव येथील माणसे मुंबईच्या बाजारांत पाठीवर ओझी वाहू लागली. त्यांना ना पगारपत्रक, ना रजा, ना म्हातारपणाची सोय. पाटण तालुक्यातलेच अण्णासाहेब पाटील यांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्य निर्वाह निधी आला. ज्यांचा मालक कोण हेच ठरत नव्हते, त्या हमालांना हे मिळाले!

आता उसाच्या फडाकडे पाहा. वाळवा, कऱ्हाडच्या शिवारांत बीडकडून टोळ्या उतरतात; आपल्या जत तालुक्यातील माणसेही कोयता घेऊन बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. हिशेब नवऱ्याच्या नावे होतो. पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्या बाईचे नाव कोणत्याही वहीत नसते. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम उचलीकडे.

एक वकील म्हणून स्पष्ट सांगतो. घटनेच्या तेविसाव्या कलमाने वेठबिगारीस बंदी आहे. किमान वेतनाहून कमी मजुरीत काम करून घेणे ही सक्तीची मजुरीच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिला. उचल फिटेपर्यंत माणसाला दुसरीकडे कामास जाऊ न देणे हे १९७६ च्या कायद्याप्रमाणे वेठबिगारीत मोडते व ते कर्जच रद्द ठरते. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. परंतु एकटा मजूर ती करीत नाही. पुढच्या हंगामात त्याला कोण काम देईल?

म्हणून संघटना हवी. नोंदणीचा अर्ज सात जणांच्या सहीने करता येतो. सभासद मात्र संबंधित कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यांतील कमी असेल तितके लागतात. आपल्यांतील काही जण म्हणतात, संघटना केवळ आपल्या माणसांची असावी. मला हे मान्य नाही. फडात शेजारी राबणारा वंजारी, धनगर, मराठा मजूर त्याच उचलीत अडकला आहे. त्याला बाहेर ठेवणे म्हणजे जुनीच वाटणी आपल्या हातांनी चालू ठेवणे होय. मात्र ज्या संघटनेत आपला पेला वेगळा ठेवला जाईल, तेथे एक क्षणही थांबू नका.

विहारातील पुढच्या पौर्णिमेच्या सभेत वंदनेनंतर एक वही उघडा. कोण कोठे राबतो, उचल किती, मजुरी किती, हे लिहा. आणि प्रत्येक स्त्रीचे नाव तिच्या स्वतःच्या ओळीत लिहा. संघटनेचा पाया त्या वहीतच घातला जाईल.

जयभीम!